वीस कोटी विरुद्ध तीन

सेकंदाला 20 कोटी. मे 1997 मध्ये न्यू यॉर्कला विश्वविजेता गॅरी कास्पारोव्ह आणि आयबीएमचा ‘डीप ब्लू’ यांच्यात सहा डावांचा सामना झाला, तेव्हा हा आकडा जगभर पोचला. डीप ब्लू सेकंदाला बुद्धिबळाच्या 20 कोटी पटस्थिती तपासतो आणि कास्पारोव्ह फार तर तीन, ही तुलना खुद्द आयबीएमने प्रसिद्ध केली होती. ‘न्यूजवीक’ने मुखपृष्ठावर हा सामना म्हणजे मानवी मेंदूची अखेरची झुंज ठरवून टाकली. 35व्या मजल्यावर डाव चालत आणि त्याच इमारतीच्या तळाच्या सभागृहात प्रेक्षक ते पडद्यावर पाहत. जिंकणाऱ्याला 7 लाख डॉलर, हरणाऱ्याला 4 लाख. 11 मेला सहावा डाव अवघ्या 19 चालींत संपला. कास्पारोव्ह अडीच, डीप ब्लू साडेतीन.

20 कोटी हा आकडा खरोखरच अचाट आहे. एका चालीला सरासरी तीन मिनिटं धरली, तर तेवढ्या वेळात डीप ब्लू 3,600 कोटी स्थिती पाहू शकत होता. सेकंदाला तीन या वेगाने माणसाला तेवढंच काम करायला न जेवता, न झोपता 380 वर्षं लागतील. म्हणजे 1997 मध्ये एक चाल करायची, तर शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधी, 1617 साली मोजायला बसावं लागलं असतं!

आता निकालाकडे पुन्हा पाहा. डीप ब्लूने दोन डाव जिंकले, कास्पारोव्हने एक, आणि तीन बरोबरीत सुटले. त्याआधीच्या वर्षी फिलाडेल्फियात याच यंत्राची सेकंदाला 10 कोटी स्थिती पाहणारी आवृत्ती कास्पारोव्हने 4-2 अशी हरवली होती. सुमारे सात कोटी पटींचा फरक, आणि निकालात फक्त एका गुणाचा! मथळे 20 कोटींचे झाले. मला मात्र त्या सामन्यातला खरा विस्मयकारक आकडा ‘तीन’ हाच वाटतो.

हे कसं शक्य झालं, ते समजण्यासाठी खेळाचाच आकार पाहावा लागतो. पांढऱ्याला पहिली चाल 20 प्रकारे करता येते. काळ्याने उत्तर दिलं की डाव 400 वाटांनी गेलेला असू शकतो. दोघांच्या दोन-दोन चाली झाल्या की 1,97,281 वाटा. तीन-तीन चालींनंतर 11,90,60,324. पाच-पाच चालींनंतर वाटांची संख्या 69 लाख कोटींच्या पुढे जाते. सेकंदाला 20 कोटींच्या वेगाने एवढ्या वाटा नुसत्या मोजायला चार दिवस लागतील, आणि तोवर डाव जेमतेम सुरू झालेला असतो.

क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाने 1950 मध्येच या डोंगराची उंची मोजली होती. चाळीस-चाळीस चालींचा डाव धरला, तर शक्य डावांची संख्या 1 वर 120 शून्यं इतकी होते, असा त्याचा अंदाज होता. आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वातले सगळे अणू साधारण 1 वर 80 शून्यं इतकेच आहेत. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात एक शक्यता तपासणारं यंत्र असलं, तरी त्याला पहिली चाल ठरवायला 1 वर 90 शून्यं याहूनही जास्त वर्षं लागतील, हेही त्याने मांडलं.

डाव सोडून फक्त पटस्थिती मोजल्या, तर शॅननचा अंदाज 1 वर 43 शून्यांचा. विश्व जन्मलं त्या क्षणी, म्हणजे 1,380 कोटी वर्षांपूर्वी, डीप ब्लू सुरू केला असता, तर आजपर्यंत त्याने 9 वर 25 शून्यं इतक्या स्थिती पाहिल्या असत्या. एकूण स्थितींचा हा साधारण एक परार्धांश. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त संख्यांची नावं परार्धाशी, 1 वर 17 शून्यांशी, संपतात.

या प्रमाणात पाहिलं की 20 कोटी आणि तीन यांच्यातलं अंतर जवळजवळ पुसलं जातं. दोघांनाही बहुतेक सगळं न पाहताच सोडून द्यावं लागत होतं. कास्पारोव्ह ते अनुभवाने सोडत होता. डीप ब्लूत कोणत्या स्थितीला किती किंमत द्यायची, हे फेंग-श्युंग शू, मरे कॅम्पबेल, जो होन आणि ग्रँडमास्टर जोएल बेंजामिन या माणसांनी वर्षानुवर्षं खपून भरलं होतं. तिथे माणूस यंत्राशी लढला, ही जाहिरात झाली. दोन्ही बाजूंना माणसांचीच निवड पणाला लागली होती.

किती पाहतो यापेक्षा काय सोडतो हे महत्त्वाचं, याचा पुरावा वीस वर्षांनी मिळाला. डिसेंबर 2017 मध्ये डीपमाइंड कंपनीने आपला ‘अल्फाझीरो’ आणि ‘स्टॉकफिश’ या बुद्धिबळ खेळणाऱ्या दोन संगणकप्रणालींमधल्या 100 डावांचा निकाल जाहीर केला. स्टॉकफिश सेकंदाला 7 कोटी स्थिती पाहत होता, अल्फाझीरो फक्त 80,000. अल्फाझीरोने 28 डाव जिंकले, 72 बरोबरीत सुटले, आणि हरला एकही नाही. सामन्याच्या अटींवर वाद झाले; पण सुमारे 875 पट कमी पाहणारं यंत्र हरलं नाही, हे खरं. काय पाहायचं नाही, हे ते आधीच स्वतःशी 4 कोटी 40 लाख डाव खेळून शिकलं होतं.

आज विश्वविजेताही या यंत्रांपुढे टिकत नाही. तरी खेळ संपला नाही. नागपूरची दिव्या देशमुख 2025 मध्ये महिला विश्वचषक जिंकते, तेव्हा यंत्रांसोबत अभ्यास करणाऱ्या पिढीचीच ती प्रतिनिधी असते. यंत्र उत्तम चाल दाखवतं. पण ती का उत्तम, हे समजून घेऊन पटावर एकटीने बसायचं काम तिचंच राहतं.

नव्या यंत्रांच्या जाहिराती अजूनही अवाढव्य आकड्यांनीच होतात आणि आपण दिपतो. 1997च्या सामन्याने आपल्याला एक प्रश्न विचारायला शिकवायला हवं होतं: हे यंत्र किती पाहतं हे कळलं, पण काय सोडून देतं आणि कुणाच्या सांगण्यावरून? त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय कुठल्याही यंत्राला, किंवा माणसाला, हुशार म्हणायची घाई करू नये.