स्मॉल सेल कर्करोग : ऑपरेशन कधी, कुणाचे?

'डॉक्टर, गाठ आहे ना, मग ती काढून का टाकत नाही?' फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या घरातून हा प्रश्न हमखास येतो. 'ऑपरेशन नको' हे उत्तर ऐकले की आता काहीच उरले नाही, असे नातेवाइकांना वाटते. 'स्मॉल सेल' प्रकारात मात्र या उत्तराचा अर्थ तसा नसतो.

फुप्फुसाच्या कर्करोगाच्या साधारण १५ टक्के रुग्णांमध्ये हा प्रकार आढळतो. त्यातील बहुतेकांना धूम्रपानाची सवय असते किंवा पूर्वी होती. याच्या पेशी फार वेगाने वाढतात आणि लवकरच रक्तावाटे यकृत, हाडे, मेंदूपर्यंत पोहोचतात. निदान होते तेव्हा सुमारे दोन तृतीयांश रुग्णांमध्ये आजार छातीबाहेर गेलेला असतो. अशा वेळी छातीतील गाठ काढली, तरी इतरत्र पोहोचलेल्या पेशी तशाच राहतात. म्हणून शरीरभर पोहोचणारी केमोथेरपी हा इथे मुख्य उपचार आहे. आजार छातीपुरताच असेल तर जोडीला रेडिएशन दिले जाते.

हे डॉक्टर अनुभवातून शिकले. ब्रिटनमध्ये १४४ रुग्णांवर एक चाचणी झाली. काहींना शस्त्रक्रियेसाठी, तर काहींना रेडिएशनसाठी निवडण्यात आले. १९७३ मध्ये तिचे दहा वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेच्या गटातील रुग्ण सरासरी १९९ दिवस जगले, रेडिएशनच्या गटातील ३००. दहा वर्षांनंतर तिघेच हयात होते आणि ते तिघेही रेडिएशनच्या गटातील होते. त्यानंतर या आजारात शस्त्रक्रिया मागे पडली.

पण त्या चाचणीतील गाठी मुख्य श्वासनलिकांजवळच्या, दुर्बिणीतून दिसणाऱ्या होत्या. सीटी किंवा पेट स्कॅन तेव्हा नव्हते. आज कधी कधी फुप्फुसाच्या कडेला पाच सेंटिमीटरपर्यंतची एकटी गाठ सापडते आणि लसिका ग्रंथींत आजार नसतो. असे रुग्ण शंभरात पाचही नसतात. मात्र त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेचा विचार जरूर होतो. त्याआधी पेट स्कॅन, मेंदूचा एमआरआय आणि छातीच्या मध्यभागातील ग्रंथींची तपासणी करावी लागते. ऑपरेशननंतरही केमोथेरपी टळत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात, ऑपरेशनसोबत केमोथेरपीही मिळालेल्या अशा रुग्णांपैकी सुमारे ५३ टक्के पाच वर्षांनंतर हयात होते. केवळ ऑपरेशन झालेल्यांमध्ये हे प्रमाण ४० टक्के होते. हे आकडे जुन्या नोंदींमधून काढलेले आहेत, त्यामुळे ते हमी म्हणून वाचू नयेत.

म्हणून डॉक्टरांना 'ऑपरेशन का नाही?' एवढेच विचारू नका. आजार नेमका कुठवर पोहोचला आहे, ग्रंथी तपासल्या का, उपचार कधी सुरू होणार, हेही विचारा. या आजारात ऑपरेशनचा आग्रह धरून दवाखाने बदलण्यात गेलेले आठवडे महागात पडतात. आणि बिडी-सिगारेट आजच सोडा. निदानानंतर सोडली तरी उपचाराला मदतच होते.