नदीचा मासा भाताच्या शेतांत

मृगाच्या सरी कोसळूं लागल्या, ओढे गढूळ पाण्यानें भरून आले, कीं कोंकणांतील कित्येक मासे नदी सोडून प्रवाहाविरुद्ध शेतांकडे निघतात. उत्तर कोंकणांत यास ‘वलगण’ म्हणतात. दक्षिणेकडे ‘चढणीचे मासे’.

शिंगटी, खवली यांसारख्या माशांचा हा प्रवास हौसेचा नव्हे. भरल्या नदीचा वेग अंडीं वाहून नेतो. भातखाचरांतील उथळ, उबदार पाण्यांत मात्र तीं टिकतात, आणि पिलांना सूक्ष्म जीव व डांसांच्या अळ्या हें अन्न आयतें मिळतें. पाऊस ओसरतांना हीच पिलें ओढ्यावाटे नदीस परततात. म्हणजे नदीच्या माशांची बाळंतिणीची खोली शेतकऱ्याच्या बांधाआड आहे!

नेमकी तेथेंच त्यांची गांठ जाळ्यांशीं पडते. रात्रीं बत्त्या घेऊन ओढ्यावर जमणाऱ्यांस गाभोळीनें भरलेला मासा विशेष रुचतो. पण अशी एक मादी टोपलींत पडली कीं सहस्रावधि अंडीं तिच्यासह जातात. समुद्रांतील यांत्रिक मासेमारी या दिवसांत कायद्यानें बंद असते. ओढ्यावर पहारा कोण ठेवणार? त्यांतून वांचलेल्यांस सिमेंटचे बंधारे अडवितात, आणि खाचरांत फवारलेलीं औषधें पिलांस व त्यांच्या खाद्यास मारक ठरतात.

महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहांत वरदायिनी देवीच्या नांवानें मासे राखले जातात. ही राखण मोलाची खरी. परंतु शेताकडे चढणाऱ्या जातींस केवळ डोह पुरत नाहीं. त्यांना बंधाऱ्याच्या कडेनें पाण्याची मोकळी वाट हवी, आणि वलगणीचे पहिले चार दिवस तरी ओढ्याच्या तोंडाशीं जाळें नको.