कळकलेल्या दुधाचा माग

ताक पितळेच्या भांड्यात ठेवलं की कळकतं, हे मराठी घरात कुणाला शिकवावं लागत नसे. कडेला हिरवट झाक आली, जिभेला तुरट चव लागली, की आजी ते सरळ ओतून द्यायची. चिंच, कोकम, दही, लिंबू यांच्या वाट्याला कल्हई केलेलं भांडं यायचं, नाहीतर चिनी मातीची बरणी. दुधाबद्दल मात्र कुणाच्या मनात शंका आली नाही. दूध काही आंबट नसतं. ते पितळेच्या पातेल्यात तापायचं, त्याच पातेल्यात निवायचं, तिथेच तासन् तास राहायचं, आणि तिथून बोंडल्याने तान्ह्या बाळाच्या पोटात जायचं.

याच बाळांपैकी काहींना वर्ष-दीड वर्षाचं असताना एक आजार गाठायचा. मूल किरकिरं व्हायचं, पोट फुगायचं. डॉक्टरांनी बरगडीखाली बोटं घातली, की यकृताची धारदार, टणक कड हाताला लागायची. मग कावीळ, पोटात पाणी आणि बहुतेक वेळा काही महिन्यांत शेवट. घरात पुढचं मूल झालं तर त्यालाही तेच होण्याची भीती असायची, म्हणून ‘घराण्यातला दोष’ हा शिक्का ठरलेला. कलकत्त्यात सेन यांनी १८८७ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. पुढे त्याला नाव मिळालं ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस’, म्हणजे भारतीय मुलांचं यकृत टणक, तंतुमय होणं. आजाराच्या नावात देशाचं नाव असावं, हा मान काही कुणी मागितलेला नव्हता!

जवळजवळ नव्वद वर्षं संशय सगळीकडे फिरून आला. कुपोषण झालं, विषाणू झाला, आनुवंशिकता झाली, बुरशीचं विष झालं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या यकृतविकार उपसमितीने १९५५ मध्ये या आजारावर अहवाल दिला. पॅथॉलॉजिस्टना सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसतं ते पाठ झालं होतं. यकृतपेशी फुगलेल्या, त्यांच्यात मॅलरी हायलिन नावाचे गुलाबी गोळे, आणि एकेका पेशीभोवती तंतूंची जाळी, कोंबडीच्या खुराड्याला ठोकतात तशी. सिऱ्हॉसिसमध्ये एरवी यकृत नव्या पेशींच्या गाठी उभारून झुंज देतं, इथे ती धडपडही फारशी नसायची. असं का होतं, ते मात्र काचपट्टी सांगत नव्हती.

ती बोलली १९७८ मध्ये, आणि तीही एका रंगामुळे. ऑर्सिन हा रंग लायकेनपासून मिळतो, म्हणजे मसाल्यातल्या दगडफुलाच्या भाऊबंदांपासून. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधल्या पोर्टमन, टॅनर, मोवाट आणि विल्यम्स यांनी या मुलांच्या यकृताच्या चकत्या ऑर्सिनने रंगवल्या, तेव्हा पेशी गडद तपकिरी दाण्यांनी भरलेल्या दिसल्या. तांबं प्रथिनाला बांधून साठलं की असे दाणे उमटतात. पुढच्याच वर्षी प्रत्यक्ष मोजमाप आलं. निरोगी यकृतात एक ग्रॅम कोरड्या वजनामागे साधारण ५० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबं असतं, या मुलांमध्ये आकडा हजाराच्या पुढे जात होता. त्याच वर्षी हॅन्स पॉपर यांच्यासारख्या यकृतशास्त्रातल्या बड्या नावाने भारतातल्या एन. सी. नायक यांच्यासोबत याच तांब्यावर निबंध लिहिला. तांबं साठण्याचा विल्सनचा आजार ठाऊक होता, पण तो दीड वर्षाच्या मुलात असा दिसत नाही. मग हे तांबं येतं कुठून?

इथे गोष्ट पुण्यात येते. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात (परळच्या केईएमशी घोटाळा नको) डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे या बालरोगतज्ज्ञांकडे ही मुलं येत होती. लंडनच्या ऑर्सिनवाल्या निबंधातले स्टुअर्ट टॅनर त्यांच्याबरोबर काम करू लागले. प्रयोगशाळेतला प्रश्न त्यांनी स्वयंपाकघरात नेला. बाळाला वरचं दूध कितव्या महिन्यात सुरू केलं, ते कशात तापवलं, कशात ठेवलं, हे घरोघरी विचारलं. १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पहिला निबंध आला. १९८७ मध्ये आजारी मुलं आणि त्यांच्या जोडीची निरोगी मुलं यांची तुलना छापून आली. चित्र असं दिसलं, की आजारी मुलांना गाई-म्हशीचं दूध लवकर सुरू झालेलं आणि पितळेच्या भांड्यातून मिळालेलं. आईचं दूध पिणारी मुलं वाचत होती.

दूध कळकत नाही, ही समजूत १९८९ मध्ये प्रयोगशाळेतच मोडली. पितळेत ठेवलेल्या दुधात तांबं उतरतं आणि दुधातलं केसीन ते धरून ठेवतं. चव बिघडत नाही, म्हणून जीभ फसते. तान्ह्या बाळाच्या यकृतात जन्मतःच तांब्याचा साठा भरपूर असतो आणि पित्तावाटे ते बाहेर टाकण्याची यंत्रणा अजून कच्ची असते. मोठ्या माणसाला जे पचलं असतं, ते बाळाला जड जातं.

मग कल्हईचं काय? कल्हईवाला दारात बसायचा, भाता चालवून निखारे फुलवायचा. भांडं तापलं की नवसागराची चिमूट, भपकन पांढरा धूर, कथिलाचा ओघळ आणि त्यावरून कापसाचा बोळा फिरला की आतून चांदीसारखा चकचकाट. हा कथिलाचा पातळ थर दूध आणि पितळ यांच्यामधली भिंत. पण रोजच्या घासण्याने तो उडतो, आणि दुधाच्या पातेल्याला पुन्हा कल्हई करण्याची घाई कुणाला असणार?

उपचाराची बाजूही पुण्यातच पुढे सरकली. तांबं शरीराबाहेर काढणारं पेनिसिलामाइन कावीळ होण्याआधी दिलं, तर काही मुलं तगू लागली. १९९६ मध्ये आशिष बावडेकर आणि सहकाऱ्यांनी जगलेल्या मुलांचा दीर्घ पाठपुरावा छापला. काहींचं यकृत टप्प्याटप्प्याने निवळत जवळजवळ नेहमीसारखं दिसू लागलं होतं. बरा न होणारा म्हणून ज्या सिऱ्हॉसिसचा दरारा, त्याच्याबाबतीत हे पॅथॉलॉजिस्टनाही नवल होतं.

तोवर आजारच ओसरू लागला होता. पितळेची भांडी नकोत, असा प्रचार पुण्याच्या डॉक्टरांनी केला, तो महत्त्वाचा होताच. पण त्या आधीपासून दारोदार एक मोहीम चालू होती. जुने कपडे घेऊन स्टीलची पातेली देणारी बोहारीण ती. पितळ मोडीत गेलं आणि फडताळात स्टील आलं. त्यामागे हौस होती, आरोग्य कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातली हकीकत वाचताना मराठी वाचकाला चमकायला होईल. तिथे १९०० ते १९७४ या काळात १३८ मुलं अशाच यकृतविकाराने गेली. दूध पाणी-साखर घालून तापवायची भांडी तांब्याची, आणि कल्हई नसलेली. ती हद्दपार झाली, आजारही गेला. संशोधक म्युलर यांनी हे १९९६ मध्ये मांडलं, तेव्हा त्यांनी जनुकीय दोषालाही वाटा दिला. नुसतं तांबं पुरत नाही, मूल त्याला बळी पडण्याजोगं असावं लागतं, असा त्याचा अर्थ. म्हणजे ‘घराण्यातला दोष’ म्हणणारे अगदीच चुकले नव्हते, फक्त त्यांनी पातेल्याकडे पाहिलं नाही.

सगळ्यांना हे पटलेलं नाही. ज्या नायक यांनी तांब्यावर पॉपरबरोबर काम केलं, त्यांनीच अरुण चितळे यांच्यासोबत २०१३ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये भांड्यांच्या सिद्धांतावर प्रश्न उभे केले. लक्षावधी घरांत पितळ होतं, मग मोजकीच मुलं आजारी का पडली, हा आक्षेप सहज उडवून लावण्यासारखा नाही. टिरोलचं उत्तर त्याला काही अंशी लागू पडतं, पण भारतीय मुलांमध्ये तसं एखादं जनुक कुणी नेमकं दाखवलेलं नाही.

आणि आता ते दाखवणं अवघड होऊन बसलं आहे. नवी मुलं या आजाराने आता जवळजवळ येत नाहीत, त्यामुळे यकृताचा नवा तुकडा तपासायला क्वचितच मिळतो. उरले आहेत ते जुने मेणाचे ठोकळे आणि त्यांतल्या चकत्या. ऑर्सिनमध्ये बुडवल्या की त्यांत अजूनही तेच तपकिरी दाणे उठतात.