डोकं गोल नसतं

चामड्याची टॉप हॅट करायला बसलेला माणूस पहिली चूक करतो ती परकार हातात घेऊन. मीही तीच केली. डोक्याचा घेर मोजला, ५७ सेंटिमीटर भरला, ३.१४ने भागून व्यास काढला आणि तीन मिलिमीटर जाड चामड्यावर सुरेख वर्तुळ आखून कापलं. टोपी शिवून झाली, डोक्यावर ठेवली, तर कपाळावर आणि मागे ती रुतत होती आणि दोन्ही कानांच्या वर बोट जाईल एवढी फट राहिली होती. घेर बरोबर होता, आकार चुकला होता. ५७ सेंटिमीटर घेराचं डोकं पुढून मागे साधारण साडेएकोणीस-वीस सेंटिमीटर लांब असतं आणि रुंदीला साडेसोळाच्या आसपास. तीनेक सेंटिमीटरांचा हा फरक कापडाची टोपी पोटात घालते. गांधी टोपी घडीची, फेटा तर डोक्यावरच बांधायचा. पुणेरी पगडी आधी बांधून मग डोक्यावर ठेवायची असते, म्हणून ती मापावर करावी लागते. चामड्याची उंच टोपी या बाबतीत पगडीच्या जातीची. ती डोक्याशी जुळवून घेत नाही, आधी तिलाच जुळवून घ्यावं लागतं.

विलायती टोपीवाल्यांनी या प्रश्नासाठी एक यंत्रच केलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पॅरिसमध्ये तयार झालेल्या या यंत्राचं नाव ‘कॉन्फॉर्मॅतर’. दिसायला ते पियानोच्या काळ्या पट्ट्या गोलाकार उभ्या केल्यासारखं. डोक्यावर ठेवलं की प्रत्येक पट्टी आपापल्या जागी डोक्याला टेकते आणि वरच्या झाकणातल्या टाचण्या छोट्या कागदावर त्याच डोक्याचा लहान आकार टोचून देतात. लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर १६७६पासून चालत आलेल्या लॉक अँड कंपनीच्या दुकानात हे यंत्र आजही आहे. तिथे जपलेले गिऱ्हाइकांचे कागद पाहिले तर एकाचा आकार दुसऱ्यासारखा नाही. कुणाचं डोकं मागे टोकदार, कुणाचं एका बाजूला फुगलेलं. टोपीचा आकडा मात्र या सगळ्याला एकाच संख्येत कोंबतो. अब्राहम लिंकन १४ एप्रिल १८६५च्या रात्री नाटकाला गेले तेव्हाची त्यांची रेशमी उंच टोपी वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये आहे. तिचा आकडा सात पूर्णांक एक अष्टमांश, म्हणजे घेर इंचांत मोजून ३.१४ने भागला की येणारा व्यास. आकड्यावरून टोपी विकता येते, घडवता येत नाही.

लिंकनच्या काळात टॉप हॅट चामड्याची नसे. खऱ्या रेशमी हॅटचा सांगाडा म्हणजे लाख पाजलेलं सुती कापड, अनेक थरांत लाकडी साच्यावर चिकटवलेलं, आणि त्यावर लांब लव असलेलं रेशमी कापड. ती लाख बहुतांशी हिंदुस्थानातून जहाजांनी जात असे. म्हणजे ज्या टोपीकडे आपण साहेबाचं चिन्ह म्हणून पाहिलं, तिचा ताठा आपल्याकडच्या झाडांवरच्या किड्यांनी दिलेला होता. ते लवदार रेशमी कापड विणणं आता कित्येक दशकं बंद आहे, त्यामुळे अस्सल रेशमी हॅट म्हणजे कुणाची तरी जुनीच हॅट. फेल्टची हॅट आजही होते, पण तिला वाफ, साचे आणि तयार लोकर लागते. फेल्टचा इतिहासही जीवघेणा आहे. सशाच्या केसांवर पाऱ्याचं मीठ चोळण्याच्या पद्धतीने टोपीवाल्यांच्या पिढ्यांचे हात थरथरत राहिले. अमेरिकेत ती पद्धत १९४१मध्ये थांबली.

चामडं या गोष्टीत आलं ते मजबुतीसाठी. रॉबर्ट पील यांनी १८२९मध्ये लंडनचं पोलीसदल उभं केलं, तेव्हा शिपायांना सैनिकी शिरस्त्राण न देता नागरिकांसारखी उंच टोपी दिली. पण तिचा माथा चामड्याचा होता आणि आत आधार घातलेले होते, कारण डोक्यावर काठी पडण्याची शक्यता रोजची. १८६०च्या दशकात तिची जागा हेल्मेटने घेतली. संपूर्ण चामड्याची हॅट आज घातली जाते ती रॉकच्या मंचावर, जत्रांमध्ये आणि मुख्यतः स्टीमपंकवाल्यांत. वाफेच्या इंजिनांच्या युगाला कल्पनेत पुढे नेणाऱ्या त्या साहित्याला हे नाव के. डब्ल्यू. जेटर यांनी १९८७मध्ये दिलं. इंग्लंडमधल्या लिंकन शहरात २००९पासून त्या मंडळींचा मोठा मेळा भरतो. मला त्या वेशभूषेत फारसा रस नाही. मला रस आहे तो यात, की घरच्या टेबलावर, साच्याशिवाय, यंत्राशिवाय, एका माणसाच्या दोन हातांनी पूर्ण होणारी ही एकच उंच टोपी आहे.

तिला चामडं मात्र वनस्पतींनी कमावलेलंच लागतं. आजच्या बुटांचं आणि पर्सचं बहुतेक चामडं क्रोमचं असतं. ते मऊ आणि टिकाऊ, पण ओलं करून वाकवलं तरी वाळल्यावर पुन्हा मूळपदावर येतं. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, कोल्हापुरी चपलेच्या तळाचं चामडं ज्याने हाताळलंय त्याला फरक सांगायला नको. ते ओलं असताना जसं ठेवाल तसंच वाळतं. हॅटच्या किनारीला सव्वातीन मिलिमीटर जाडी घ्यावी, उभ्या भिंतीला आणि माथ्याला अडीच. एवढ्या जाडीत पूर्ण हॅट माझ्या हिशोबाने ४०० ग्रॅमच्या आसपास भरते.

रापी चामड्याला लावण्याआधी सगळं कागदावर होतं, आणि खरी कारागिरी तिथेच आहे असं माझं मत आहे. लवचीक पट्टी डोक्याभोवती वळवून आकार कागदावर उतरवायचा. कपाळाची बाजू कुठली हे लगेच लिहून ठेवायचं, कारण अंडाकृती उलटी धरली तर दोन मिनिटांत ओळखू येत नाही. मग जाडीचा हिशोब. चामडं वळवलं की आतला घेर आणि बाहेरचा घेर एक राहत नाही. दर एक मिलिमीटर जाडीमागे घेर सहा मिलिमीटरांहून थोडा जास्त वाढतो. अडीच मिलिमीटरच्या भिंतीला बाहेरून सोळा मिलिमीटर जादा हवेत. हे विसरलं तर टोपी दोन आकडे लहान होते आणि चामडं वाया जातं.

भिंतीचं आणखी एक कोडं आहे. सरळ नळकांड्यासारखी हॅट हवी असेल तर भिंत म्हणजे साधी आयताकृती पट्टी. पण जिला पाहून ‘टॉप हॅट’ म्हणावंसं वाटतं ती वरच्या बाजूला थोडी रुंदावत जाते. खाली ५८, वर ६२ आणि उंची १६ सेंटिमीटर धरली, तर ही पट्टी एका प्रचंड वर्तुळाचा तुकडा होते. त्या वर्तुळाची त्रिज्या २३२ सेंटिमीटर, म्हणजे खोलीच्या एका भिंतीला खिळा मारून दोरी ताणावी तेव्हा कंस आखता येतो. सपाट ठेवलेल्या पट्टीची खालची कड टोकांपासून मध्यापर्यंत जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर वाकलेली दिसते. एवढ्याशा बाकाने हॅटची सगळी ऐट येते. तो नसेल तर वरचा घेर बसत नाही आणि शिवताना चामड्याला सुरकुत्या पडतात.

शिवण खोगिराची. एकच दोरा, दोन्ही टोकांना सुई, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. शिलाई मशीनचा टाका दोन दोऱ्यांच्या अडकण्यावर उभा असतो. एक तुटला की शेजारचे सुटायला लागतात. खोगिराच्या टाक्यात एक बाजू झिजून तुटली तरी दुसरी बाजू धरून ठेवते. घोड्याच्या पाठीवर जीव टांगलेला असे, म्हणून हा टाका जन्मला. टोपीला त्याची इतकी गरज नसेलही, पण जाड चामडं दुसऱ्या कशाने नीट बसत नाही. दोरा तागाचा, मेण लावलेला, शिवणीच्या चौपट लांबीचा. माथ्याच्या ६२ सेंटिमीटरांना अडीच मीटर दोरा, आणि चार मिलिमीटरला एक टाका धरला तर १५५ भोकं. मागची उभी शिवण आणि किनारीची शिवण मिळून हॅटला ३४०च्या आसपास भोकं पडतात.

अवघड भाग कोपऱ्याचा. माथा आडवा, भिंत उभी. त्यांना काटकोनात शिवायचं तर आरी माथ्याच्या पृष्ठभागातून घुसून त्याच्या कडेतून तिरपी बाहेर यायला हवी आणि तशीच भिंतीत शिरायला हवी. अडीच मिलिमीटर जाडीत पंचेचाळीस अंशांचा तिरपा मार्ग. आरी जरा खाली घसरली की कड फाटते, जरा वर राहिली की टाका वरवरचा होतो. पहिल्या वीस भोकांना मला एक संध्याकाळ लागली. पन्नासाव्या भोकाच्या सुमारास कधीतरी मी डोळ्यांनी कोन मोजणं सोडलं आणि मनगटाने मोजायला लागलो. हा बदल नेमका कुठे झाला ते माथ्याच्या शिवणीवर आजही दिसतं. एका बाजूचे टाके वाकडेतिकडे, दुसऱ्या बाजूचे एका रांगेत.

किनार वळवण्याआधी चामडं भिजवायचं. पण थबथबलेलं चामडं हाताला मऊ लागलं तरी घडवण्याजोगं नसतं. पाण्याने ते गडद होतं, मग बाजूला ठेवलं की काही वेळाने मूळ रंग परत यायला लागतो आणि हात लावला तर अजून गार लागतं. तीच वेळ. या अर्ध्या-पाऊण तासात किनारीच्या दोन्ही बाजू लाटण्यावर वर वळवायच्या, पुढचा आणि मागचा भाग किंचित खाली ठेवायचा आणि रात्रभर दोरीने बांधून ठेवायचं. घाईने उन्हात किंवा भट्टीजवळ वाळवलं तर चामडं आखडतं, कडक होऊन तडकतं. सकाळी दोरी सोडली की बाक तसाच राहिलेला असतो. हे मी दर वेळी जरा श्वास रोखूनच पाहतो.

कड घोटणं हे कंटाळवाणं काम, पण त्यावरून कारागीर ओळखावा. कापलेल्या कडेचे धारदार कोपरे उतरवून, कागदाने घासून, ओलं करून, डिंक किंवा मेण लावून लाकडाच्या तुकड्याने ती घासत राहायची, काचेसारखी गुळगुळीत होईपर्यंत.

रंग मला काळाच आवडतो, आणि तो बाटलीतला नव्हे. लोखंडाचा कीस काही दिवस व्हिनेगरमध्ये भिजत ठेवायचा. त्याचं पाणी चामड्यावर फिरवलं की बदामी चामडं डोळ्यांदेखत करडं आणि मग काळं होतं. हा वर चढवलेला रंग नव्हे. चामड्यातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र येऊन तिथेच काळेपणा तयार होतो. हिरड्याच्या काढ्यात हिराकस टाकली की काळा रंग होतो, हे आपल्याकडच्या रंगाऱ्यांना पूर्वापार ठाऊक. तेच इथे, फक्त हिरडा आधीच कातड्यात मुरलेला. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आंबटपणा मारायचा, तेल द्यायचं. क्रोमच्या चामड्यावर हे पाणी फिरवलं तर काहीच होत नाही.

सगळ्यात शेवटी आत मेंढीच्या पातळ चामड्याचा पट्टा शिवतात, कपाळाचा घाम धरणारा. तो एक मिलिमीटरचा, म्हणून पुन्हा सहा मिलिमीटरांचा हिशोब, जो सुरुवातीलाच धरून ठेवावा लागतो.

माझ्या खणात आता अकरा कागद आहेत, प्रत्येकावर नाव, तारीख आणि कपाळाकडे बाण. टोपी न घालणाऱ्यांचीही मापं मी मागून घेतली. बाबांचा कागद डावीकडे, कानाच्या जरा मागे, अर्धा सेंटिमीटर फुगलेला आहे. ते साठ वर्षं पांढरी टोपी घालत आले, आणि हे त्यांना माहीत नव्हतं. कागद पाहिल्यावर त्यांनी हात वर नेऊन ती जागा चाचपून पाहिली.