घाटात तापलेली लाल मोटार

आज आपण पापडाबद्दल बोलणार नाही, कर्जाच्या हप्त्याबद्दलही नाही. आज बोलायचं आहे ते मोटारीबद्दल. सुरुवात करतो ती आमच्या डोळ्यांदेखत घडलेल्या एका प्रसंगापासून.

गेल्या हिवाळ्यात लोणावळ्याला पापडांची ऑर्डर पोचवून आम्ही चौघी भाड्याच्या टेम्पोने घाट उतरत होतो. शिंग्रोबाच्या देवळापाशी ड्रायव्हरदादांनी रिवाजाप्रमाणे गाडी थांबवली. तिथे कडेला एक लाल मोटार उभी होती. ठेंगणी, दोनच माणसांची, वरचा टप उघडा. बोनेटमधून वाफ निघत होती. शेजारच्या दगडावर साठीच्या एक बाई निवांत बसल्या होत्या. गाडी त्याच चालवत होत्या.

आमच्यातल्या एका वहिनींनी पाण्याची बाटली पुढे केली. बाई हसून म्हणाल्या, "पाणी लागणारच आहे ताई, पण आत्ता नाही. अजून अर्धा तास झाकण उघडायचं नाही." त्यांना पुण्याला जायचं होतं. त्या चिडल्या नव्हत्या, कुणाला हाकाही मारत नव्हत्या. गाडीला काय झालंय हे त्यांना ठाऊक होतं.

परतताना टेम्पोत वाद सुरू झाला. आपला गट स्वतःचा छोटा टेम्पो घ्यायचा विचार करतोय, हे तुम्हाला माहीत आहेच. प्रत्येक बैठकीत गाडी एकाच प्रश्नावर अडते, "चालवणार कोण?" वहिनी म्हणाल्या, "त्या बाईंना जमतं, आपल्याला का नाही?" दुसरी म्हणाली, "त्या शहरातल्या, पैशावाल्या. आपल्याला मोटारीतलं काय कळतं?" म्हणून आम्ही ठरवलं, त्या लाल मोटारीची नीट माहिती काढायची आणि रेडिओवर सांगायची.

ती मोटार होती एमजीबी. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. इंग्लंडातल्या ऑक्सफर्ड शहरात विल्यम मॉरिस यांचं मोटारींचं दुकान आणि गॅरेज होतं, त्याचं हे नाव. तिथले व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी साध्या मॉरिस गाड्यांना हलकी, देखणी बॉडी चढवून विकायला सुरुवात केली आणि त्यातून ही वेगवान मोटार जन्माला आली. १९२९ पासून ॲबिंग्डन या गावात तिचा कारखाना होता, तो १९८० मध्ये बंद झाला. एमजीबी हे मॉडेल १९६२ ते १९८० या काळात निघालं. पाच लाखांहून जास्त गाड्या तयार झाल्या. आज एमजी नावाच्या नव्या गाड्या रस्त्यावर दिसतात, पण त्या नावाची मालकी आता चिनी कंपनीकडे आहे.

ही परकी वाटणारी मोटार आपल्या एका ओळखीच्या गाडीची नात्यातली आहे. साहेब लोकांची पांढरी ॲम्बॅसडर आठवते ना? ती मुळात मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्रजी गाडीवरून बनवलेली. जुन्या ॲम्बॅसडरचं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं इंजिन एकाच घराण्यातलं. ॲम्बॅसडरचं दीड लिटरचं, एमजीबीचं जवळजवळ एक लिटर आठशेचं, एवढाच फरक. आपल्याकडच्या कितीतरी मेकॅनिकांनी जे इंजिन झाडाखाली उघडून दुरुस्त केलं, त्याचंच हे भावंडं.

आता अशी मोटार किती लांब जाऊ शकते ते ऐका. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनहून एक मोठी शर्यत निघाली, लंडन ते सिडनी. सुमारे १६,००० किलोमीटर. ९८ गाड्या निघाल्या. पॅरिस, इटली, बेलग्रेड, इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली करत त्या आपल्या मुंबईला आल्या. सुमारे अकरा हजार किलोमीटरचा हा टप्पा त्यांनी जेमतेम आठवड्यात ओलांडला. मुंबईच्या बंदरात गाड्या चुसान नावाच्या बोटीवर चढवल्या आणि ऑस्ट्रेलियाला नेल्या. तिथे पुन्हा पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत धाव.

या गाड्यांत एक एमजीबी होती. ती चालवत होत्या जीन डेंटन, सोबत टॉम बॉइस नावाचे सहचालक. गाडी 'नोव्हा' या मासिकाच्या नावाने उतरली होती, आणि नोव्हा हे बायकांचं मासिक होतं! शर्यतीत नुसत्या बायकांच्या गाड्याही होत्या. सिडनीला ५६ गाड्या पोचल्या, त्यांत डेंटनबाईंची गाडी ४२वी आली. बेचाळिसावा नंबर म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण निघालेल्या गाड्यांपैकी चाळीसहून जास्त शेवटपर्यंत पोचल्याच नाहीत. पहिला नंबर आला तो हिलमन हंटर या साध्या घरगुती मोटारीचा. शेवटच्या टप्प्यावर पुढे असलेल्या सिट्रोएन गाडीला अपघात झाला आणि सांभाळून आलेली हंटर जिंकली.

डेंटनबाई पुढे ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये गेल्या, मंत्रीही झाल्या. पण आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. दोन माणसांची ठेंगणी मोटार एवढा पल्ला गाठते, ती ताकदीवर नाही. पाच गोष्टी आधी समजून घेतल्या म्हणून ती पोचते. त्या पाचही गोष्टी आपल्या टेम्पोला लागू आहेत.

पहिली गोष्ट पाण्याची. इंजिनात पेट्रोल जळतं, त्याची उष्णता बाहेर काढावी लागते. त्यासाठी इंजिनाभोवती पाणी फिरतं, ते तापून पुढच्या रेडिएटरमध्ये येतं, वाऱ्याने निवतं आणि परत आत जातं. घाटात गाडी हळू चालते, म्हणून वारा कमी मिळतो. इंजिनाला मात्र जोर जास्त लावावा लागतो. म्हणून पाणी तापतं.

आता कुकर आठवा. कुकरमध्ये दाब असतो म्हणून आतलं पाणी १०० अंशाला न उकळता सुमारे १२० अंशाला उकळतं. अशा जुन्या मोटारीच्या रेडिएटरचं झाकण कुकरच्या साधारण निम्मा दाब धरतं, म्हणून आतलं पाणी ११० अंशांच्या आसपास गेल्यावर उकळतं. गरम असताना झाकण उघडलं की दाब एकदम सुटतो आणि उकळतं पाणी तोंडावर उडतं. शिट्टी न जिरवता कुकर उघडावा तसंच हे. बाई अर्धा तास थांबल्या होत्या त्या यासाठी. गाडी निवल्यावर जाड फडकं धरून झाकण हळूहळू सोडायचं आणि पाणी थोडं थोडं ओतायचं. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी गेलं तर लोखंडाला तडा जाऊ शकतो.

आणखी एक युक्ती. घाटात काटा वर चढायला लागला की गाडीचा हीटर चालू करायचा. उन्हाळ्यात घामाने भिजाल, पण हीटरही त्याच गरम पाण्यावर चालतो, त्यामुळे तेवढी उष्णता इंजिनातून बाहेर निघते.

दुसरी गोष्ट पट्ट्याची. जुन्या मोटारीत पुढे एकच रबरी पट्टा असतो, फॅन बेल्ट. तोच पंखा फिरवतो, पाण्याचा पंप फिरवतो आणि बॅटरी चार्ज करतो. तो तुटला की तिन्ही कामं बंद. पट्टा मोजक्या पैशांचा, पण तो नसेल तर सगळा प्रवास थांबतो. म्हणून लांबच्या प्रवासाला निघणारे लोक जड सामान घरी ठेवतात आणि अशा लहान वस्तू घेतात. जादा पट्टा, प्लग, फ्यूज, रबरी नळी, तार, इंजिन ऑइल, पाने, जॅक, हवा भरलेली स्टेपनी.

या लहान वस्तूंची महती जगातल्या पहिल्या लांबच्या मोटारप्रवासापासूनची आहे, आणि तो प्रवास एका बाईनेच केला. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बेर्था बेंझ नवऱ्याने बनवलेली तीन चाकी मोटार घेऊन दोन मुलांसह माहेरी निघाल्या. सुमारे शंभर किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने साफ केली. इंधन घेतलं औषधाच्या दुकानातून. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं बसवून घेतलं. नवरा मोठा कारागीर, पण गाडी घराबाहेर लांब चालते हे जगाला दाखवलं बायकोने.

तिसरी गोष्ट उताराची. बोरघाट आपल्या दाराशी आहे. गाड्यांसाठी हा रस्ता १८३० मध्ये खुला झाला, तेव्हापासून किती ब्रेक इथे तापले असतील! उतारावर सतत ब्रेक दाबून धरला की तो तापतो, आणि तापलेला ब्रेक पकडत नाही. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं आणि ब्रेकला विश्रांती मिळते. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडणं म्हणजे जिवाशी खेळ. कुणीही चालवत असो, तुम्ही मागे बसला असाल तरी हे सांगायचा तुम्हाला हक्क आहे.

चौथी गोष्ट माणसाची. डेंटनबाई आणि बॉइस दोघंच होते. एकाने चालवायचं, दुसऱ्याने झोपायचं किंवा नकाशा बघायचा. मोटार तापली की काटा दाखवतो. माणूस दमला की दाखवणारा काटा नसतो. म्हणून पाळी आधीच ठरवायची. टेम्पो एकटीच्या गळ्यात घालायचा नाही. निदान दोघी, जमलं तर तिघी शिकल्या पाहिजेत. नाहीतर एक आजारी पडली की टेम्पो अंगणात उभा आणि हप्ता चालू.

पाचवी गोष्ट कागदांची. परदेशी मोटार न्यायची तर कार्ने नावाचं पुस्तक लागतं. ते गाडीचं पारपत्रच म्हणा. गाडी त्या देशात विकणार नाही, परत नेऊ, नाहीतर तिथला कर भरू, याची ती हमी असते. आपल्या भाषेत, तारण. चालकाला आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो आपल्याकडे आरटीओ देतं आणि तो एक वर्ष चालतो. आपला टेम्पो खोपोलीच्या पुढे जाणार नसला तरी नोंदणी, विमा, पीयूसी आणि परवाना हे कागद हवेतच.

परवान्याबद्दल एक कामाची माहिती. वय १८ पूर्ण असलं की हलक्या मोटारीचा शिकाऊ परवाना काढता येतो. तो सहा महिने चालतो आणि किमान ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. हलक्या मोटारीच्या परवान्यावर साडेसात हजार किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. आपला छोटा टेम्पो त्यात सहज बसतो.

आता टेम्पोतल्या त्या वादाकडे येऊ. लाल मोटार हा पैशावाल्यांचा छंद आहे, हे खरंच. तिचे भाग शोधायला वेळ लागतो, पेट्रोलही ती भरपूर पिते. आपल्याला ती नकोच. पण त्या बाई घाटात निवांत बसल्या होत्या त्या पैशाच्या जोरावर नाही. पैशाने वाफ लवकर जिरत नाही. गाडी का तापली, किती वेळ थांबायचं आणि मग काय करायचं हे त्यांना माहीत होतं. हे ज्ञान विकत घ्यावं लागत नाही. कुकर वापरणाऱ्या प्रत्येकीकडे त्यातलं अर्धं आधीपासूनच आहे.

आम्ही एक छोटी सुरुवात केली आहे. भाड्याचा टेम्पो आला की माल चढवण्याआधी बोनेट उघडायला सांगतो. ऑइलची पट्टी, पाणी, पट्टा, चाकांची हवा, दिवे, ब्रेक. पाच मिनिटं लागतात. ड्रायव्हरदादा आधी हसले. नंतर एकदा वहिनींनाच पट्ट्याला गेलेली चीर दिसली. तेव्हापासून दादा स्वतःच बोनेट उघडून ठेवतात.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत टेम्पोचा विषय पुन्हा निघेल. या वेळी "चालवणार कोण" असं नुसतं विचारू नका. शिकाऊ परवान्यासाठी आधार कार्ड, वयाचा दाखला आणि फोटो घेऊन या. वहिनींनी त्यांचं नाव पहिलं लिहून ठेवलं आहे. दुसरी ओळ मोकळी आहे.