विसरभोळेपणाची मुळे शाळेच्या वयात

भारतात साठी ओलांडलेल्या लोकांपैकी 7.4 टक्के जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे 88 लाख माणसांना. हा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी 4,096 ज्येष्ठांना तपासले होते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचा सहभाग असलेल्या ‘लासी’ या राष्ट्रीय पाहणीतूनच ही माणसे निवडली गेली.

सरासरीपेक्षा तिच्या पोटातले आकडे जास्त बोलके आहेत. स्त्रियांत प्रमाण 9 टक्के, पुरुषांत 5.8. खेड्यांत 8.4, शहरांत 5.3. धूर, गोंगाट, दगदग सगळी शहरात, आणि विसर मात्र गावाकडे जास्त!

याचे बरेचसे उत्तर 1951 च्या जनगणनेत सापडते. तेव्हा पुरुषांची साक्षरता 27 टक्के होती, स्त्रियांची जेमतेम 9. या पाहणीतले बहुतेकजण त्याच्या आगेमागे जन्मलेले. बालपणी शिकलेल्या मेंदूची गंगाजळी मोठी असते. उतारवयात झीज सुरू झाली तरी ती बराच काळ पुरते, असे संशोधक मानतात. स्त्रिया जास्त जगतात हेही कारण आहेच, पण तेवढ्याने एवढा फरक पडू नये. चाचणीच शिकलेल्यांच्या सोयीची असेल, ही शंका रास्त आहे. म्हणून इथे निरक्षरांनाही देता येतील अशा चाचण्या वापरल्या आणि घरच्यांनाही विचारले.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या 2024 च्या अहवालात टाळता येण्याजोगी 14 कारणे आहेत. ती सगळी दूर झाली, तर जगातला 45 टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असा त्याचा हिशेब. 2017 मध्ये कारणे 9 आणि वाटा 35 टक्के होता. बहिरेपण आणि वाईट कोलेस्टेरॉल प्रत्येकी 7 टक्के, अपुरे शिक्षण आणि एकटेपणा प्रत्येकी 5. मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान प्रत्येकी 2. म्हणून बीपी किरकोळ ठरत नाही. हा वाटा एका माणसाचा धोका नसतो, साऱ्या समाजातला असतो. कारण जितके पसरलेले, तितका तो वाढतो. अपुऱ्या शिक्षणाचे 5 टक्के ही जगाची सरासरी आहे. आपल्या आज्यांच्या पिढीसाठी तो आकडा मला फार कमी वाटतो.

शाळा आता परत मिळणार नाही. कान मिळू शकतात. अमेरिकेत 70 ते 84 वयाच्या 977 जणांवर तीन वर्षे प्रयोग झाला. श्रवणयंत्राने सरसकट फायदा दिसला नाही, मात्र ज्यांना धोका आधीच जास्त होता त्यांची बौद्धिक घसरण 48 टक्क्यांनी मंदावली. मशीन लावले की म्हातारे दिसतो, म्हणून ते कपाटात ठेवणाऱ्यांनी हा आकडा बघावा.

आणि प्रत्येक विसरणे म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. नैराश्य, अपुरी झोप, थायरॉइड, झोपेच्या गोळ्या, बी-12 ची कमतरता यांनीही आठवण दगा देते, आणि यावर उपाय आहेत. पुणे परिसरातल्या 441 मध्यमवयीन पुरुषांच्या अभ्यासात 67 टक्क्यांचे बी-12 कमी निघाले होते. त्या सगळ्यांना विसर पडत होता असे नाही. तरीही ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून देण्याआधी ही एक रक्ततपासणी तरी करून घ्यावी.