बिऱ्हाड बदलणारा सर्व्हर

शहरांत वारंवार बिऱ्हाड बदलणाऱ्या गृहस्थाला आलेलें पत्र जुन्या पत्त्यावर जातें आणि तेथून परत फिरतें. गृहस्थ नाहींसे झालेले नसतात. त्यांचा पत्ता तेवढा बदललेला असतो. आजच्या कित्येक लहान कचेऱ्यांतील सर्व्हरची स्थिति अशीच आहे.

पुण्यांतील एका हिशेबतपासनिसांची कचेरी डोळ्यांपुढें आणावी. खोल्या दोन, कारकून चार, आणि कपाटाशेजारीं अहोरात्र चालणारा एक लहान संगणक. अशिलांचीं सर्व खातीं त्यांत ठेवलेलीं असतात आणि मागणाऱ्याला हवा तो कागद तो काढून देतो, म्हणून त्याला सर्व्हर म्हणावयाचें. कचेरीचे मालक आईच्या आजारपणामुळें साताऱ्यास गेले आहेत आणि एका अशिलाचें विवरणपत्र भरण्याची मुदत उद्यां संपते. काल रात्रीं साताऱ्यांत बसून त्यांना कागद पाहतां आले. आज सर्व्हर ओ देत नाहीं. झालें इतकेंच, कीं दुपारीं पुण्यांत वीज गेली आणि ती परत आल्यावर कचेरीच्या राउटरला नवा पत्ता मिळाला.

असें कां व्हावें? इंटरनेटवरील जोडणीला आय.पी. पत्ता नांवाचा एक आंकडा लागतो. अद्याप सर्वत्र चालणाऱ्या चौथ्या आवृत्तींत हा आंकडा शून्य आणि एक या दोनच अंकांनीं लिहिलेला, ३२ स्थानांचा असतो. त्यामुळें एकंदर पत्ते सुमारें ४२९ कोटि. जगांतील माणसें मात्र ८०० कोटींहून अधिक. या पत्त्यांचा मध्यवर्ती सांठा फेब्रुवारी २०११ मध्यें संपला. म्हणून पुरवठादार कंपन्या सामान्य ग्राहकाला पत्ता कायमचा देत नाहींत. भाड्याच्या सायकलीप्रमाणें वापरापुरता देतात. जादा पैसे भरून स्थिर पत्ता मिळत असेल, तर तो घेणें हा सर्वांत सरळ मार्ग होय.

तो न मिळाल्यास नांवाचा आश्रय घ्यावा. पॉल मोकापेट्रिस यांनीं १९८३ सालीं नांवावरून आंकडा शोधून देणारी जी व्यवस्था रचली, तिला डी.एन.एस. म्हणतात. कचेरीनें या नामावलींत एक नांव घ्यावें आणि राउटरमध्यें किंवा सर्व्हरमध्यें एक लहानसा कार्यक्रम बसवावा. तो दर कांहीं मिनिटांनीं आपला बाहेरील पत्ता तपासतो आणि बदल होतांच नामावलीस कळवितो. मात्र नोंद किती वेळ ग्राह्य धरावी, तो काळ एक ते पांच मिनिटांइतका अल्प ठेवावा. नाहींतर दूरचीं यंत्रें जुनाच पत्ता स्मरून बसतात.

कित्येक ठिकाणीं एवढ्यानें भागत नाहीं. पुष्कळ कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरील पत्ता देतात. मोठ्या चाळीला दार एकच असावें आणि कोणतें पत्र कोणत्या खोलीचें हें दारावरच्या पहारेकऱ्याला ठाऊक नसावें, तसें तेथें होतें. याची परीक्षा सोपी आहे. राउटर स्वतःचा म्हणून जो बाहेरील पत्ता दाखवितो, तो आणि जगाला दिसणारा पत्ता हे निराळे असले, किंवा राउटरचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आंकड्यांनीं सुरू होत असला, तर नुसतें नांव निरुपयोगी. अशा वेळीं सर्व्हरनेंच आंतून बाहेर, स्थिर पत्ता असलेल्या एखाद्या मध्यस्थ यंत्राशीं जोडणी करून ती कायम राखावी. मालकांनींही त्याच यंत्राकडे जावें. दोघांची गांठ तेथें पडते.

यापुढचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. कागद अशिलांचे आहेत, आणि दार मालकांना उघडतें तसें चोरालाही उघडूं शकतें. पत्ता बदलता आहे म्हणून तो लपलेला आहे, ही समजूत चुकीची होय. मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१३ सालीं दाखवून दिलें, कीं एकच संगणक ४५ मिनिटांच्या आंत या सर्व पत्त्यांचीं दारें ठोठावूं शकतो. म्हणून संगणकाचा पडदा दुरून चालविण्याची सोय थेट जगाला उघडी ठेवूं नये. प्रथम गुप्तलिपीचा बोगदा करावा आणि त्यांतूनच सर्व्हरपर्यंत जावें. २०२० सालीं लिनक्सच्या गाभ्यांत समाविष्ट झालेला वायरगार्ड याच कामाचा आहे. तो परवलीच्या शब्दाऐवजीं किल्ल्यांची जोडी वापरतो आणि अनोळखी हांकेला उत्तरच देत नाहीं. त्याची एक खोड लक्षांत ठेवावी: तो नांवावरून पत्ता बहुधा सुरू होतांनाच शोधतो. मध्यंतरीं पत्ता बदलला, तर बोगदा एकदां बंद करून पुन्हां सुरू करावा लागतो.

ही सिद्धता प्रवासास निघण्यापूर्वींच झाली पाहिजे. वीज आल्यावर सर्व्हर आपण होऊन सुरू होतो कीं नाहीं, हें पाहावें. राउटर मुद्दाम बंद-चालू करावा आणि मोबाइलच्या इंटरनेटवरून सर्व्हरला हांक मारून पाहावी; कचेरीच्याच जोडणीवरून घेतलेली परीक्षा फसवी ठरते. साताऱ्याच्या मालकांनीं एवढें केलें असतें, तर आईच्या उशाशीं बसून त्यांचें काम रात्रींच उरकलें असतें. बदलत्या पत्त्याचा पाठलाग करण्यांत अर्थ नाहीं. नांव पक्कें असावें आणि किल्ली जपलेली असावी.